शेतावरच्या सुरीला म्यान शिवायचंय

कळवेकर: मुरबाडच्या शेतावर न्यायची सुरी आहे. साध्या पोलादाचं पातं, ६ इंची. कमरपट्ट्याला अडकवता येईल असं म्यान स्वतः शिवायचंय. कातडं कुठलं घेऊ?

नौपाड्याचा काका: झाडाच्या सालीने कमावलेलं घे, साधारण ३ मिमी जाड. धारावीत मिळेल. क्रोमचं, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, घेऊ नकोस, मऊ असतं, आकार धरत नाही. पण म्यानाचा खरा जीव मधल्या पट्टीत! धारेच्या बाजूने दोन थरांमध्ये त्याच कातड्याची चिंचोळी पट्टी घाल. नाहीतर धार थेट दोऱ्यावर घासते, टाके तुटतात आणि टोक मांडीत शिरतं. भोकं आरीने पाड, मेण लावलेला दोरा दोन सुयांनी ओव. एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. मशीनची शिवण इथे मला अजिबात पटत नाही.

कळवेकर: काका, कातडं ओलं करून सुरीभोवती दाबून आकार देताना पातं गंजेल ना?

नौपाड्याचा काका: पात्याला तेल लाव, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळ. कातडं सावलीतच सुकव.

ऐरोलीची ताई: आणि पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवून देऊ नकोस रे. चामडं ओल धरतं.