शब्दचर्चा: 'आळशी' नेमका कोण?

धागाकर्ता: बायबलमध्ये नीतिसूत्रांतला मुंगीकडे पाठवलेला माणूस आळशी आणि मत्तय 25 मधला रुपये पुरून ठेवणारा दासही आळशी. मूळ शब्द एकच आहे का? आणि उलट बाजूला 'उद्योगी' म्हणावं की 'परिश्रमी'?

मूलपाठ: एकच नाही. नीतिसूत्रांत हिब्रू 'आत्सेल' आहे. बाहेर सिंह आहे म्हणून घरात बसणारा (22:13), ताटात घातलेला हात तोंडापर्यंत न नेणारा (19:24), बिजागरीवरच्या दारासारखा अंथरुणात फिरणारा (26:14). लेखकाने त्याची यथेच्छ टर उडवली आहे. त्याच्या समोर उभा राहतो 'खारूत्स', म्हणजे कामसू (10:4, 13:4). पण 21:5 बघा. तिथे खारूत्सच्या विरुद्ध आळशी नाही, उतावळा आहे! नुसती धावपळ करणाऱ्याला हा शब्द लावता येत नाही.

मत्तय 25:26 मध्ये ग्रीक 'ओक्नेरोस' येतो: कचरणारा, पाय मागे घेणारा. दास स्वतःच सांगतो की तो भ्याला. त्याला मिळालेला एक तालांत (त्या काळचं मोठं चलनमाप) म्हणजे सुमारे 6000 दिनार आणि दिनार ही दिवसाची मजुरी (मत्तय 20:2), म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची कमाई त्याच्या हातात होती. खड्डा खणायला कष्टही पडलेच असतील. दोष आहे तो सोपवलेलं न वापरण्याचा. इथे 'कामचुकार' मला जास्त जवळचा वाटतो.

धागाकर्ता: मग 'काम न करील त्याने खाऊही नये' हे कोणत्या आळशाबद्दल?

मूलपाठ: तिथे तिसराच शब्द. 2 थेस्सलनीका 3:6 आणि 3:11 मध्ये 'अटाक्टोस', म्हणजे रांग सोडून वागणे, हे क्रियाविशेषण होऊन येतं. इजिप्तमधल्या इ. स. 66 च्या एका करारपत्रात विणकराकडे शिकायला ठेवलेल्या मुलाने दांडी मारली तर तेवढे दिवस नंतर भरून द्यायचे, अशी अट आहे. दांडी मारण्यासाठी क्रियापद याच कुळातलं आहे. 3:11 मधली कोटी मराठीत छान उतरते: काम करत नाहीत, लुडबुड करतात. आणि 3:10 मध्ये 'काम करायची इच्छा नाही' असं आहे. ते वचन बेकारांच्या किंवा आजाऱ्यांच्या तोंडावर फेकणं सरळ चूक.

तळटीप: 'उद्योगी' चालेल, पण 'नसते उद्योग' मराठीत आधीच बसलेत. रोमकरांस 12:11 मध्ये ग्रीक 'स्पूडे' आणि 'ओक्नेरोस' एकाच वाक्यात समोरासमोर आहेत. स्पूडेत घाई आणि कळकळ दोन्ही असल्याने 'तत्परता' किंवा 'आस्था' बरी. परिश्रमात घाम दिसतो, मन दिसत नाही.

वाळवंटवाचक: 'अकेदिया' राहिला, म्हणजे संन्याशाला साधनेचा येणारा कंटाळा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने दिलेलं त्याचं वर्णन अगदी बारकाईचं आहे. अकेदिया सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास गाठतो. संन्यासी सारखा सूर्याकडे बघतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते मोजतो, जागा बदलावी म्हणतो, बंधूंमध्ये प्रेमच उरलं नाही अशी कुरकुर करतो. पुढे तेराव्या शतकातल्या अक्विनास या धर्मशास्त्रज्ञाने याला आध्यात्मिक हिताबद्दल वाटणारी खिन्नता म्हटलं. म्हणजे दिवसभर राबणारा माणूसही अकेदियात असू शकतो. प्रार्थना तेवढी टळते. 'आळस' इथे तोकडा पडतो. 'उबग' चालेल.

इव्हाग्रियसचे उपायही नेमके आहेत: जागा सोडायची नाही, प्रत्येक कामाचं माप आधी ठरवायचं आणि ते पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. गडबड बहुधा मापात होते. पहिल्याच दिवशी ते एवढं मोठं घेतलं जातं की चौथ्या दिवशी सगळंच सुटतं.

धागाकर्ता: आणि थकव्याने ढिला पडलेला?

मूलपाठ: त्याला यातला एकही शब्द लावू नका. 1 थेस्सलनीका 5:14 मध्ये तीन वेगळी माणसं आणि तीन वेगळी क्रियापदं आहेत: रांग सोडणाऱ्याला ताकीद, खचलेल्याला धीर, अशक्ताला आधार. उपदेश लिहिताना समोर यातलं कोण बसलंय ते आधी ठरवावं, शब्द नंतर निवडावा.