जंगलातलं शिल्प कुजू द्यायचं की जपायचं?

रानवाट
परवा एका जंगलातल्या शिल्पउद्यानात दिवसभर हिंडलो. नकाशावर १७ शिल्पं होती, सापडली ११. एका खुणेपाशी तर नुसता शेवाळलेला ओंडका! चौकशी केली तर म्हणे, "हेच ते शिल्प, मुद्दाम कुजू दिलंय." अहो, ओंडके जंगलात फुकट दिसतात. त्यासाठी तिकीट कशाला? जपायचं नसेल तर मांडू नका, इतकं साधं आहे.

छिन्नीवाली
साफ असहमत. इंग्लंडमधल्या ग्राइझडेलच्या जंगलात १९७७पासून शिल्पकार तिथलंच लाकूड आणि दगड घेऊन काम करत आलेत. त्यातली बरीच कामं पुन्हा मातीत मिसळावीत म्हणूनच केलेली आहेत. ऊन-पाऊस लागू द्यायचा नसेल तर शिल्प रानात न्यायचंच कशाला?

रानवाट
मग तसं तिकिटावर छापा की!

शंकेखोर
मातीत मिसळणं वगैरे ऐकायला छान वाटतं. पण इंग्लंडमधल्याच फॉरेस्ट ऑफ डीन या जंगलातल्या शिल्पवाटेवर मॅग्डलेना येतेलोवा या शिल्पकर्तीची अवाढव्य लाकडी खुर्ची होती, १९८६ची. लोकांचा जीव जडला होता तिच्यावर. शेवटी लाकूड खिळखिळं झालं आणि २०१५मध्ये ती उतरवावी लागली. एवढ्या उंचीचं कुजकं लाकूड माणसांच्या डोक्यावर ठेवून कलेच्या गप्पा मारता येत नाहीत.

छिन्नीवाली
पण जवळजवळ तीस वर्षं उभी होती ना? उघड्यावरच्या लाकडासाठी हे आयुष्य कमी नाही.

मेणबत्ती
मी अशा शिल्पांच्या देखभालीचं काम करते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते. "जपा" म्हणणं सोपं आहे. ब्राँझला वेळोवेळी धुऊन मेण लावावं लागतं. कॉर्टेन पोलादाला तर काहीच करावं लागत नाही, असा समज आहे, कारण त्याच्या गंजाचा घट्ट थरच आतल्या पोलादाला राखतो. पण तो थर धरायला पोलाद भिजून परत सुकायला हवं. दाट झाडीत खालची ओल हटतच नाही, बुडाशी पाचोळा साचतो, आणि गंज आत खात जातो. मोकळ्या माळावर उत्तम टिकणारं काम झाडाखाली लवकर जातं. तेव्हा भांडण लाकूड की धातू याचं नाहीच. जागा कुणी आणि काय बघून निवडली, ते विचारा.

शंकेखोर
हे पटलं. ('मेणबत्ती' हा आयडी आत्ता कळला!)

पानगळ
जागेचा विषय निघालाच आहे तर शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दीची न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॉर्म किंग या शिल्पउद्यानातली दगडी भिंत बघा. २,२७८ फूट लांब, चुन्या-सिमेंटशिवाय रचलेली. झाडांना वळसे घालत जाते, तळ्यात उतरते, पलीकडून वर येते. तिथे झाडं आडवी आली म्हणून कुणी तोडली नाहीत, भिंतच वाकली. नाहीतर बाकी ठिकाणी शिल्पाभोवती माणसं माती तुडवून घट्ट करतात आणि मुळांची घुसमट होते. त्यावर कुणी धागा काढत नाही.

रानवाट
बरं, कुजू द्या. पण ओंडक्याशेजारी पहिल्या दिवशीचा फोटो तरी लावा.

छिन्नीवाली
फोटो लावला की सगळे फोटोच बघत बसतात.

रानवाट
बसू देत. पायपीट मी केलीय.