ग्रामपंचायतीच्या पैशातून शाळेत विज्ञान साहित्य: नेमकं काय मागायचं?

शाव्यस_अध्यक्षा

नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. यंदा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी झाले. मुलगी सहावीत आहे. विज्ञानाचं साहित्य म्हणाल तर एका लोखंडी कपाटात काही परीक्षानळ्या, भिंग धुरकटलेला एक सूक्ष्मदर्शक आणि दोन पट्टीचुंबक. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात.

सरपंच खर्चाला तयार आहेत, तेवढं बरं. पण मध्यंतरी एक पुरवठादार पंचायतीत येऊन गेला. त्याच्या गुळगुळीत पत्रकात थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्सचे संच, भिंतभर टचस्क्रीन, सगळं एकाच पॅकेजात. तेव्हापासून सदस्य दुसरं काही ऐकायला तयार नाहीत. शाळेत विज्ञान शिकवणारे सर एकच आणि वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. ग्रामपंचायतीला असा खर्च करता येतो का? कुठल्या पैशातून? आणि मागायचं तरी काय?

आधी_पाणी

राग मानू नका, पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकर लागतो तिथं शाळेला रोबोट कशाला? पंचायतीचा पैसा आधी पाण्यावर खर्च व्हावा.

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, खर्च करता येतो. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या निधीपैकी 60 टक्के बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. आयोग बदलला की टक्केवारी बदलते, म्हणून चालू वर्षाचे निकष तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर बसून वाचून घ्या. घरपट्टी आणि गाळ्यांच्या भाड्यातून येणारा स्वनिधी वेगळा असतो, त्यावर ही बंधनं नसतात.

आता खरी मेख. पैसा असून चालत नाही, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावं लागतं. ऐन मार्चमध्ये सरपंच कितीही मनापासून ‘हो’ म्हणाले तरी आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल निघायला जड जातं. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकाराला येऊ लागतो. त्याआधी तुमच्या समितीचा शाळा विकास आराखडा तयार ठेवा. तो करणं हे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 22 नुसार समितीचंच काम आहे. शासनानं किंवा स्थानिक प्राधिकरणानं द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा, असं त्याच कलमात लिहिलं आहे. बहुतेक शाळांत तो जूनमध्ये घाईघाईनं भरून फायलीत जातो. तुम्ही तो ग्रामसभेत उभं राहून वाचा.

ठरावाची भाषाही सांभाळा. ‘शाळेस विज्ञान साहित्य पुरविणे’ एवढंच लिहिलंत तर पुरवठादाराचं पॅकेज त्यात अलगद बसेल. वस्तू, संख्या, कोण वापरणार, दुरुस्ती कोणाकडे, सगळं ठरावातच नोंदवा.

आणि त्या कुलपाबद्दल. मास्तर दुष्ट नसतात, जडवस्तू नोंदवहीला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीला, घाबरतात. त्यात चढलेली वस्तू फुटली की निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे ती वहीतून रीतसर कमी होईपर्यंत, जबाबदारी मुख्याध्यापकांवर, आणि बदलीच्या वेळी मोजून द्यावी लागते ती गोष्ट वेगळीच. मग मुलांच्या हातात कोण देईल? म्हणून काचसामान, तारा, बॅटरी, रसायनं यांची नोंद पहिल्या दिवसापासून उपभोग्य, म्हणजे वापरून संपणाऱ्या, साहित्यात करायला सांगा. सूक्ष्मदर्शकासारखी मोजकी टिकाऊ वस्तूच जडवस्तूत जाऊ द्या. एवढं झालं की अर्धी कपाटं उघडतात.

आधी_पाणी यांना: तुमचं बरोबर आहे, पण तुमच्याच मुद्द्यात शाळेचा फायदा आहे. बंधित निधीच्या पाण्याच्या भागात पावसाचं पाणी साठवणं बसतं. शाळेच्या छपराचं पाणी टाकीत घ्या आणि अंगणात एक पर्जन्यमापक लावा. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,000 लिटर. टाकीत किती आलं, मधे किती गळालं, हा हिशेब सहावीची मुलं करू शकतात. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा शेजारी लिहिला की आणखी मजा. पीकविम्याच्या वादात पडलेले शेतकरीही ती वही मागायला येतील.

शिवारातली_मास्तरीण

काकांनी वहीचं दुखणं बरोबर पकडलं. मी वीस-बावीस वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते.

पॅकेज नको. आमच्या बीटातल्या एका शाळेला तसलं आलं होतं. थ्रीडी प्रिंटरचं प्लास्टिकचं रीळ संपलं आणि नव्या रिळाला पैसे कुठून आणायचे ते कुणालाच सुचलं नाही. आता त्याच्यावर हजेरीपत्रकं ठेवतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 31 ते 100 पट असेल तर वर्षाला 25,000 रुपये, त्यातला किमान 10 टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती. रीळ त्यात बसत नाही.

माझी यादी: आरशाचे सूक्ष्मदर्शक चार, दिव्याचे नकोत. 10 पटीचा नेत्रक आणि 10 व 40 पटीची वस्तुभिंगं, म्हणजे 100 आणि 400 पट मोठं दिसतं. आरसा असला की विजेची गरज नाही, मात्र थेट सूर्याकडे फिरवायचा नाही, डोळ्याला इजा होते. खिडकीतल्या मोकळ्या आभाळाकडे फिरवायचा. कांद्याचा आतला पापुद्रा चिमट्यानं सोलायचा, पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडता पसरायचा, आयोडीनचा एक थेंब, वर आच्छादन काच तिरकी टेकवून हळूच सोडायची, नाहीतर हवेचे बुडबुडे येतात आणि मुलं त्यांनाच पेशी समजून गोल गोल काढत बसतात. नीट जमलं की विटांसारख्या ओळी दिसतात आणि प्रत्येकीत पिवळसर तपकिरी केंद्रक. मग वर्गात जो गलका होतो तो टचस्क्रीनवरच्या चित्राला होत नाही.

तुमचं भिंग धुरकटलंय ती बुरशी असणार. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचं. पुढच्यांसाठी हे ठरावाला जोडा.

तारावाला

मी वायरमन. पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलो. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात आठवड्यातला एक दिवस मुलं हातानं काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्ततपासणीसुद्धा. शिकवणारे बहुतेक गावातलेच कारागीर. तुमच्या सरांवर सगळा भार टाकू नका. गावात वायरमन, मोटार रिवाइंड करणारा, सुतार असेलच. मानधन वित्त आयोगातून देऊ नका, लेखापरीक्षणात पगार म्हणून आक्षेप निघेल. स्वनिधीतून द्या.

शाव्यस_अध्यक्षा

सगळ्यांचे आभार. समितीत निम्म्या बाया आहोत. त्यांना सूक्ष्मदर्शकापेक्षा टाकी आणि पर्जन्यमापक पटकन पटलं. मग दोन्ही एकाच ठरावात मांडावं का?

निवृत्त_ग्रामसेवक

दोन वेगळे ठराव करा. निधी वेगळे, एकाच्या बिलात दुसरं अडकायला नको.

आणखी एक, याला पैसा लागत नाही. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाणी तपासायचे संच दिले आणि ते वापरायला पाच-पाच महिलांना शिकवलं. सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड तपासता येतं. तुमचा संच बहुधा पंचायतीच्या कपाटात असेल. त्या पाचजणींपैकी कुणालातरी महिन्यातून एकदा शाळेत बोलवा, हापशाचं आणि नळाचं पाणी मुलांसमोर तपासू द्या. रसायनांच्या बाटल्यांवरची मुदत मात्र आधी बघा. संपली असेल तर नवीन बाटल्यांची मागणी पाण्याच्या ठरावात घाला.