स्लीव्हनंतरचा तिसरा आठवडा: पाणी उतरत नाही, खांदा दुखतोय आणि सासूबाई ऐकत नाहीत

खडूवाल्या_बाई

नमस्कार. मे अखेरीस पुण्यात माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळीसारखं ठेवतात ती. दुर्बिणीतून. वय 43, वजन तेव्हा 108 किलो, मधुमेह आणि बीपी दोन्ही. आता सांगलीला घरी आहे. मधुमेहाची एक गोळी दवाखान्यातच बंद केली, दुसरी चालू आहे.

डिस्चार्जच्या कागदावर ‘लिक्विड, दिवसाला दोन लिटर’ एवढं लिहून मोकळे झाले. पूर्वी मधल्या सुट्टीत तांब्याभर पाणी मी एका दमात प्यायचे. आता दोन घोट घेतले की छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं. दिवसभरात लिटरभरही जात नाही. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते.

डावा खांदा पहिले काही दिवस दुखला. ‘पोटात भरलेला गॅस आहे, जिरेल’ म्हणाले, आणि जिरलाही. आता परवापासून पुन्हा दुखतोय.

काटा आठवडाभर हललेला नाही. इतकं सगळं करून हे? सासूबाई नाचणीची घट्ट खीर वाटी भरून आणतात आणि मी दोन चमचे खाल्ले की हात लावून बघतात, ताप आहे का म्हणून. त्यांना फक्त ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलंय. काल शेजारी मिसळीला फोडणी बसली आणि मला चक्क रडू आलं. भूक नव्हती, तरी.

जूनच्या मध्यात शाळा उघडतेय. वर्गावर उभं राहणं आलं, आणि पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी चाखून बघायची तीही आमच्यापैकीच कुणीतरी. ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सांगा, यातलं चालायचंच असं किती?

पेठेतला_कापडवाला

ताई, मी इचलकरंजीचा. माझी स्लीव्ह होऊन काही वर्षं झाली. क्रमाने लिहीत नाही, आठवेल तसं सांगतो.

पाणी. तांब्या, ग्लास, बाटली सगळं नजरेआड करा. खोकल्याच्या औषधाबरोबर ते प्लास्टिकचं लहान माप येतं ना, तीस मिलीचं, त्याने प्या. एक माप, घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटांत. मी दुकानात गल्ल्याशेजारी ते माप ठेवायचो, गिऱ्हाइकाला वाटायचं शेट औषध घेतोय. जठराचा पाऊण हिस्सा काढलाय, उरलेली नळी आतून सुजलेली आहे, तिथे घटाघटा पाणी मावणार कुठे? आणि गार पाणी मला अडायचं, कोमट सरळ जायचं. काहींचं नेमकं उलट असतं. दोन्ही करून बघा. निवळ ताक, शहाळं, वरणाचं गाळलेलं पाणी, हे सगळं त्या दोन लिटरमध्ये धरा. दोन लिटर लगेच जमत नाही कुणाला, पण रोज थोडं चढत गेलं पाहिजे.

मात्र वरणाच्या पाण्यावर विसंबू नका. त्यात प्रथिनं नावापुरती. आपल्याला दिवसाला साठ ग्रॅम तरी लागतात आणि एका अंड्यात सहा. म्हणून पावडर घ्यावीच लागते. गोड व्हॅनिलाचा वास मला सहन होईना, दुसऱ्या डब्याला तर झाकण उघडल्या उघडल्या मळमळ. शेवटी बिनचवीची आणली आणि मटणाच्या अळणीत, म्हणजे बिनतिखट पाण्यात घातली. अळणी गाळून, वरचं तेल काढून, कोमट करून. उकळत्यात घातलीत तर गुठळ्या होतात. शाकाहारी असाल तर ताकात चालते. पांढरा रस्सा मागू नका, त्यात खोबरं-काजू असतात. मागितला होता मी, म्हणून सांगतो.

पुढे घट्ट खायला लागाल तेव्हा पोट भरल्याची खूण पोटात नाही मिळणार. मला उचकी लागते, बायकोच्या मावशीला शिंक येते, कुणाचं नाक गळतं. ती खूण ओळखली की चमचा खाली. पुढचा एक घास घेतला की तोंडाला फेस येतो आणि मग अर्धा तास बेसिनपाशी.

काटा अडला हे सगळ्यांचंच होतं, बहुतेकांचं याच सुमाराला. सुरुवातीला जे झरझर उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. काटा माळ्यावर टाका. आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतील, तेव्हा इथे येऊन घाबरून धागा काढू नका. येतात परत.

सासूबाईंना खरं सांगा असं मी म्हणणार नाही, तुमचं घर तुम्हाला माहीत. पण वाटी बदला. आमच्या आईने नातवाची चांदीची वाटी काढली आणि ती भरून द्यायला लागली. तिची वाटी भरली, माझं पोट भरलं, वाद मिटला.

खांद्याचं मला कळत नाही. माझा आठवड्याच्या आत थांबला होता.

वॉर्ड_नंबर_सात

बाई, मी सर्जिकल वॉर्डला सिस्टर आहे. वरच्या दादांचं पाण्याचं सगळं बरोबर आहे, पण तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी इथे विचारायच्या नाहीत, आजच सर्जनला फोन करून विचारायच्या आहेत. थांबून गेलेला डाव्या खांद्याचा त्रास पुन्हा सुरू होणं, आणि उभं राहिल्यावर येणारी अंधारी.

गॅसचा खांदा काही दिवसांत जातो. तिसऱ्या आठवड्यात परत आलेल्या दुखण्याला गॅस म्हणून सोडून देत नाहीत. डाव्या बाजूला वर, छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली काही साचलं तरी दुखणं खांद्यात जाणवतं. टाक्यांच्या रेषेतून गळती बहुतेक वेळा लवकर दिसते, पण घरी गेल्यावर उशिरा झालेलीही आम्ही पाहतो. तुम्हाला तसंच आहे असं मी म्हणत नाही. ते बघितल्याशिवाय कुणीच म्हणू शकत नाही.

फोन करण्याआधी पाच मिनिटं शांत बसा आणि नाडी मोजा. बसल्या जागी शंभराच्या वर राहत असेल तर तो आकडा पहिल्या वाक्यात सांगा. एकशे वीसच्या पुढे असेल, किंवा ताप 101 च्या वर, धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजणं, काळी शी होणं, यातलं काहीही असेल तर फोन गाडीतून करा. ताप आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी आधी बोलते.

लघवीचा रंग बघा. गडद असेल तर तेही सांगा. आणि बीपीची कोणती गोळी चालू आहे? पाकीट हातात घेऊन घटकांची नावं वाचून दाखवा.

खांदा दुखतो म्हणून घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, स्लीव्हवर अल्सर होऊ शकतो. पॅरासिटॅमॉल चालतं. उलट्या होऊन दिवसभर काहीच टिकत नसेल तर सलाइनबरोबर थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं, म्हणून ‘बघू उद्या’ करायचं नाही.

सोबती_ठाणे

बायकोचं बायपास झालंय, हृदयाचं नव्हे, वजनासाठी जठराचं, त्यामुळे थोडं वेगळं, पण एक सांगतो. गोळ्या अडकतात म्हणून आम्ही सगळ्याच कुटून द्यायला लागलो होतो. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात, सगळं औषध एकदम सुटतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन बऱ्याचदा तशीच असते. केमिस्टला विचारा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

मिसळीचं रडू आमच्याकडेही झालं. वडापावचं होतं. महिन्या-दोन महिन्यांत ओसरलं.

खडूवाल्या_बाई

सिस्टर, तुमचं वाचून तडक फोन केला. नाडी 104 होती. त्यांनी पुण्याला यायच्या आधी इथेच दाखवून घ्यायला सांगितलं. रक्त तपासलं, सीटी स्कॅन झाला. गळती नाही, काही साचलेलंही नाही. शरीरात पाणीच नव्हतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं निघालं. डिस्चार्जच्या कागदावर तिचा उल्लेखच नव्हता, ना चालू ठेवा ना बंद करा. ती बंद केली, दोन सलाइन लावल्या, थायमिन दिलं. रात्री नाडी 84. खांदा म्हणे मी उशांवर तिरकी झोपते त्याने आखडलाय. दोन दिवस शेकल्यावर बराच मोकळा आहे.

दादा, औषधाचं माप मिळालं. काल दीड लिटरपर्यंत गेले. कोमटच जातं. अळणी सासूबाईंनीच केली, आणि केल्यावर विचारलं, ‘पोट लहान केलंय ना तुझं?’ त्यांच्या भाचीचंही झालंय म्हणे, मुंबईला. कुणाला सांगितलेलं नाही.

शाळेचं राहिलं.

पेठेतला_कापडवाला

बरं झालं, सीटीचं वाचून जिवात जीव आला.

शाळेचं डॉक्टरांना विचारूनच, पण खुर्ची मागून घ्या, वह्यांचे गठ्ठे मुलांकडून आणवा. माप टेबलावर राहू द्या. खिचडी चाखायचं काम सध्या दुसऱ्या बाईंना द्या. मऊ आणि घट्ट खायची परवानगी मिळाली तरी आधी अंडं, पनीर, घट्ट वरण. भात शेवटी. मला तर पोळीपेक्षा भात जास्त दिवस जड गेला, चार शितं जास्त झाली की उचकी.