बाबूराव पेंटर यांना चित्रकार म्हणावे की चित्रपटकार?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न :
नमस्कार. नाशिकमध्ये चित्रपटाचा विषय निघाला की बोलणे त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते, जे साहजिकही आहे. आमच्या वाचक मंडळात पुढील बैठकीत मला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांविषयी बोलायचे आहे. मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, चित्रपटाच्या नादी लागल्यामुळे एक चांगला चित्रकार वाया गेला. मला हे पटत नाही, पण नेमके उत्तरही सुचत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कलाशिक्षक (निवृत्त) :
आपल्या सभासदांना आधी एक विचारा : बाबूराव चित्रपटात आले ते कोठून? बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा, कारागिराच्या घरातला. चित्रकला आणि शिल्पकला ते कोणत्याही कलाशाळेत न जाता शिकले. आतेमामे भावंड असलेल्या आनंदरावांबरोबर त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि ‘पेंटर’ हे आडनाव लोकांनी त्या कामावरूनच दोघांना दिले. राजवाडा, रस्ता, अरण्य असे पडदे सपाट कापडावर रंगवायचे आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्यात खोली भासली पाहिजे, ही त्यांची रोजची परीक्षा होती. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण दोघांनी मनावर घेतलेला स्वदेशी कॅमेरा बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ मध्ये पुरा केला.

आता गंमत अशी की, पडदे रंगवण्यात नाव मिळवलेल्या याच माणसाने चित्रपटातून रंगवलेला पडदा हटवला आणि त्याच्या जागी घन, वावरता येईल असे नेपथ्य उभे केले. सपाट कापडावरची खोली म्हणजे शेवटी आभासच, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यातून त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ काळा दिसे आणि आकाशाचा निळा पांढरा पडे, त्यामुळे भिंत, शेला किंवा मुकुट डोळ्याला कसा दिसतो यापेक्षा तो करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल याचा हिशेब आधी करावा लागे. पोशाख, पात्रे आणि हालचाली यांची रेखाटने बाबूराव चित्रीकरणापूर्वीच करून ठेवत. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीची दृश्ये घेतली, तीही छायाप्रकाशाचा सराव असलेल्या हातानेच. माझ्या मते त्यांची चित्रकला वाया गेली नाही, तिने फक्त कॅनव्हास बदलला.

पंचवटीचा वाचक :
वरील मांडणी मला बरीचशी मान्य आहे, पण किंमत मोजावी लागली हेही सांगायला हवे. मूकपटाच्या प्रिंट टिकल्या नाहीत, त्यामुळे बाबूरावांचा ‘सैरंध्री’ (१९२०) आज आपण पाहू शकत नाही. तैलचित्र भिंतीवर टांगलेले राहते, पण चित्रीकरण संपले की नेपथ्य मोडून त्याच्या फळ्या पुढच्या कामाला लागतात. म्हणून अशा कलावंताचे मोजमाप करताना पुरावाच अपुरा असतो, आणि मग ‘वाया गेला’ म्हणणे सोपे जाते.

नाशिककरांसाठी जोड द्यायची असेल तर फाळकेही मूळचे चित्रकलेचेच विद्यार्थी होते : १८८५ मध्ये मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, त्यानंतर बडोद्याचे कलाभवन, पुढे शिळाछापाचा व्यवसाय. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ नंतर त्यांनी आपले काम नाशिकला हलवले, आणि तोच चित्रपट पाहून कोल्हापूरच्या या दोघा भावांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. म्हणजे आपल्या बैठकीत दोन्ही नावे एकाच दमात घेता येतील. एक फरक मात्र आवर्जून सांगावा. ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामती पुरुषाने साकारली होती, तर ‘सैरंध्री’ मध्ये बाबूरावांनी स्त्रियांनाच घेतले. ‘सैरंध्री’ तील कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली, हेही ऐकणाऱ्यांना आवडेल.

कलाशिक्षक (निवृत्त) :
पुराव्याचा मुद्दा रास्त आहे. तरीही एक पुरावा उरतो, तो शिष्यांचा. दामले आणि फत्तेलाल बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि १९२९ मध्ये शांतारामांसह त्यांनी प्रभात कंपनी काढली. तेथे कलादिग्दर्शनाची बाजू फत्तेलालांकडे होती. दामले-फत्तेलाल जोडीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आजही उपलब्ध आहे. बैठकीत त्यातला एखादा प्रसंग आवाज बंद करून दाखवा आणि भिंती, दारे, उजेड कोठून येतो एवढेच पाहायला सांगा. पहिल्या रांगेत त्या ज्येष्ठ सभासदांना बसवा.

गोदाकाठ (नाशिक) :
दोघांचेही आभार. प्रसंग दाखवण्याची कल्पना पसंत आहे. प्रोजेक्टरची सोय वाचनालयात होते का, ते उद्या विचारतो.