घुग्घुससारख्या वस्त्या: खाली राख भरायची की वरची माणसं हलवायची?

वर्धाकाठ:
२६ ऑगस्ट २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गडप झालं. खड्डा ६०-७० फुटांचा. घरचे आधीच बाहेर आले म्हणून वाचले. तेव्हापासून एकच सूर ऐकू येतो, वस्ती हलवा. माझं मत उलटं आहे. वस्तीखालच्या जुन्या भूमिगत खाणीतली पोकळी भरा. माल जिल्ह्यातच पडलाय: २९२० मेगावॅटच्या चंद्रपूर वीज केंद्राची राख. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत खाणीची पोकळी भरणं हा राखेचा मान्य वापर आहे. १५० मिमीची बोअर मारा, वरून राखेचा गारा सोडा. शेकडो कुटुंबं उठवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

पिलर_गॅलरी:
भाऊ, आधी खड्डा पडतो कसा ते बघा. गॅलरी, म्हणजे कोळसा काढून झालेला भुयारी बोगदा, ३ मीटर उंच धरा. छत कोसळलं की फुटलेला खडक फुगतो, साधारण ३० टक्के. ३ भागिले ०.३ म्हणजे १० मीटर वर गेल्यावर मलबा छताला टेकतो आणि पडझड थांबते. पोकळी वर निमुळती होत गेली तर तिप्पट, ३० मीटरपर्यंत. पण हा हिशेब मलबा जागच्या जागी राहिला तरच खरा. चार गॅलऱ्या मिळतात त्या चौकात तो चारी बाजूंना पसरतो. पाणी वाहतं असेल तर निघूनच जातो आणि पोकळी वर चढत राहते. ३ मीटरच्या गॅलरीवर ६०-७० फुटी खड्डा पडायचा तर इतका मलबा कुठेतरी गेलाच पाहिजे. वर्धा खोऱ्यातला कोळशाचा थर जाड, त्यातून एकावर एक दोन मजले (सेक्शन) काढले असतील तर मधली पडदीही बसते. वर कामठी थरांचा वालुकाश्म, तोही पाणी धरणारा. मलबा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं तुमची राखही जाईल.

वर्धाकाठ:
म्हणून आधी बांध घालतात. ब्रिटनमध्ये घराखालच्या उथळ गॅलऱ्या भरताना कडेच्या बोअरांतून बारीक गोटे सोडून भिंत उभी करतात, मग आत गारा. कडेला दर १.५ मीटरवर बोअर, आत दर ३ मीटरवर. १ भाग सिमेंटला १० भाग राख. नुसती राख ओतायला मीही सांगत नाही.

पिलर_गॅलरी:
आता आकडा मोठा झाला ना! ३ मीटरच्या जाळीत हेक्टरला हजारावर बोअर होतात, तेही गल्लीत, घरांच्या मधे, जिथे बोअर मारायची गाडी (रिग) वळतसुद्धा नाही. आणि बोअर मारणार कुठे? जुन्या नकाशात उत्तर चुंबकीय की खरी, हे कित्येकदा लिहिलेलं नसतं. खाण बंद पडायच्या आधी छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब, म्हणजे पिलर, शेवटी काढले ते नकाशावर चढतातच असं नाही. विद्युत रोधाच्या सर्वेक्षणात हवेची पोकळी आणि कोळसा दोन्ही जास्त रोधाचे दिसतात, वेगळे ओळखू येत नाहीत. पाण्यानं भरलेली पोकळी मात्र कमी रोधाची. खात्री बोअरमध्येच होते: रॉड एकदम खाली सुटला किंवा बोअर मारताना आत सोडलेलं (फ्लशिंगचं) पाणी परत आलं नाही, की पोकळी लागली समजायचं.

काळी_माती:
एक गोष्ट दोघंही बोलत नाही. अशा वस्तीत दिसणारे सगळे तडे खाणीचे नसतात. खाली काळी माती असेल तर तडे एप्रिल-मेमध्ये उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. खाणीचा तडा ऋतू बघत नाही. अंगणात कमानीसारखी भेग पडणं, पाऊस चांगला असून विहिरीचं पाणी अचानक उतरणं, कालपर्यंत लागणारं दार आज न लागणं, ही लक्षणं वेगळी. तड्याच्या दोन्ही बाजूंना खिळा ठोका, मधलं अंतर महिन्यातून एकदा व्हर्नियरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) मोजा, तारीख लिहा. जोत्याची पातळी आठ ठिकाणी लेव्हल पाइपनं घ्या. संदर्भबिंदू मात्र खाणीच्या हद्दीबाहेरचा हवा, नाहीतर तोही सोबत खचतो आणि फरक शून्य दिसतो. वर्षभराचे आकडे हातात नसताना राख की स्थलांतर हा वाद करण्यात अर्थ नाही.

पिलर_गॅलरी:
माती ओळखायला ठीक, पण पिलर खचून जमीन बशीसारखी हळूहळू बसते तेव्हाच ही मोजणी आधी सांगते. घुग्घुसचा खड्डा त्या जातीचा नव्हता. वर शेवटचे काही मीटर उरेपर्यंत भिंतीला काही कळत नाही.

धनबादवाला:
स्थलांतर म्हणजे सुटका, असं मानणाऱ्यांनी झारखंडमधल्या धनबादचं कोळसाक्षेत्र झरिया बघावं. आग आणि खचण्यापासून लोकांना हलवायच्या २००९ च्या मास्टर प्लॅनला झरियासाठी सुमारे ७११२ कोटी आणि बंगालमधल्या राणीगंजसाठी सुमारे २६६२ कोटी होते. बेलगडिया या नव्या वसाहतीत घरं बांधली, पण लोकांची रोजी झरियातच राहिली. झरियाच्या जून २०२५ च्या सुधारित आराखड्यात (५९४० कोटी) म्हणून प्रत्येक कुटुंबाला १ लाखाचं उपजीविका अनुदान आणि ३ लाखांपर्यंत कर्जाची सोय घातली, जमिनीचा कागद असो वा नसो. ही अक्कल पहिल्या दिवशी यायला हवी होती. घुग्घुसमध्येही पट्टा नसलेल्यांना मोजणीतच वगळलं, की बाकीचं कागदावर.

लेव्हल_पाइप:
वर्धाकाठ, भरावाचा खर्च आणि हलवण्याचा खर्च, दोन्ही मांडा बघू एकाच पानावर. नाहीतर "स्वस्त" शब्द मागे घ्या.

वर्धाकाठ:
सरसकट "स्वस्त" हा शब्द मागे घेतो. पण जिथे वर शाळा, पाण्याची टाकी, राज्यमार्ग आहे, तिथे भराव टाळता येत नाही. टाकी उचलून नेता येत नाही.

पिलर_गॅलरी:
हे मान्य. घरांसाठी मात्र क्रम बदलतो. आधी बोअरनं वरच्या खडकाची जाडी मोजा. काढलेल्या उंचीच्या १० पटींपेक्षा कमी निघाली, म्हणजे ३ मीटरच्या गॅलरीवर ३० मीटरच्या आत, तर ते घर आधी रिकामं करायचं आणि मग त्याच जागी गारा भरायचा. माणसं आत झोपलेली असताना खाली पंप लावू नका. दाबानं आणि पाण्यानं उरलंसुरलं छत त्याच वेळी बसू शकतं.

काळी_माती:
आणि त्या घरांच्या न्हाणीचं, मोरीचं पाणी आधी नालीला जोडा. शोषखड्डा पोकळीच्या डोक्यावर असला तर वरची माती रोज थोडी थोडी खाली जात राहते.