देवळाचा जीर्णोद्धार करावा की नको?

जंगलकाठचा: नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. ग्रामदेवतेचं देऊळ पाडून नवं बांधायचं चाललंय. दगडी गाभारा, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब, वर मंगळुरी कौलं. दोन वासे कुजलेत, बाकी ठणठणीत. कमिटीला स्लॅब नि ग्रॅनाइट पाहिजे. दारातले दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, पायाच्या भरावात घालणार, "दगडच की तो!" पुण्याला आर्किटेक्चर शिकणारी भाची म्हणते, मामा, हात लावू देऊ नका, रस्किन नावाच्या इंग्रज लेखकानं १८४९ मध्येच लिहिलंय की असला जीर्णोद्धार म्हणजे खोटेपणा. आता रस्किनला पंचांपुढं कसा उभा करू? आणि जीर्णोद्धार तर पुण्यकर्म, अहिल्याबाईंनी तेच केलं की.

शहापूरकर: भाचीनं अर्धंच सांगितलं. त्याच शतकात फ्रान्सचा वास्तुकार व्हिओले-ल-द्यूक उलटं सांगत होता: वास्तू पूर्ण करा, भले तशी ती पूर्वी कधीच नसू दे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा २०१९ ला जळालेला मनोरा त्याचाच. पुन्हा बांधला तोही त्याच्याच घाटाचा! आपल्या पुरातत्त्व खात्यात तेव्हाचे प्रमुख मार्शल साहेब यांची १९२३ ची नियमावली जुनं जपा म्हणते, पण पूजेतल्या वास्तूंना थोडी सूट देते. देव नांदता आहे हे साहेबालाही कळलं होतं. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, खात्याकडं आहे, म्हणून तिच्या १०० मीटरच्या आत नवं बांधता येत नाही. तुमचं देऊळ कुठल्या यादीत नसेल तर कायदा धावून येणार नाही. गावातच बोला.

गळकं कौल: आषाढात गाभाऱ्यात धार लागते तेव्हा भाची येते का बादली लावायला? आम्ही कमिटीत राबालोय, शिव्या आम्हालाच.

थापीवाला: शहापूरकर नि गळकं कौल, दोघांचंही बरोबर. पण चिऱ्याला सिमेंट फासू नका. चुन्यातनं ओल बाहेर पडते, सिमेंटाआड कोंडते नि चिरा भुसभुशीत होतो. मी गवंडी आहे, असल्या भिंती खरवडून हात सोलवटलेत. दोन वाशांसाठी देऊळ कशाला पाडता?

जंगलकाठचा: रविवारी बैठक झाली. भाचीनं फोनवरनं आणखी एका इंग्रजाचं वाचून दाखवलं, मॉरिसचं, १८७७ चं: पडल्यावर नव्यानं उभारण्यापेक्षा रोजची निगा राखून पडझड थोपवा. कोपऱ्यातली आमची आजी म्हणाली, "म्हंजे शाकारणी की गं!" सगळे गप्प. पूर्वी मिरगाच्या आधी घरटी एक माणूस देवळाची कौलं परतायला जायचा. पोरं बेंगळूर-पुण्याला गेली नि ते मोडलं. गळती तेव्हापासूनची.

आता आधी कौलं उतरवून वासे बदलायचे ठरलंय. स्लॅबचं पुढच्या वर्षी बघू म्हणालेत, म्हणजे विषय मिटलेला नाही. वीरगळ तेवढे वाचले. पण एकावर कुणीतरी चांदीचा ऑईल पेंट फासलाय, घोड्याचं तोंडसुद्धा दिसत नाही. थापीवाले, दगड न खरवडता तो काढायचा कसा ओ?